सकारलेले बिल

चलनक्षम दस्तऐवजांसंबंधीचा जो कायदा ब्रिटिश सरकारने १८८१ साली केला, आणि न वटलेल्या धनादेशांच्या फिर्यादींमुळे जो आजही कोर्टकचेऱ्यांत रोज उलगडला जातो, त्याच्या पहिल्याच कलमात एक सवलत आहे, जिच्याकडे कायद्याच्या अभ्यासकांखेरीज सहसा कोणाचे लक्ष जात नाही. पौर्वात्य भाषांत लिहिलेल्या दस्तऐवजांबाबत जी स्थानिक वहिवाट रूढ असेल तिला या कायद्याने बाध येणार नाही, असे ते कलम म्हणते. आणि या एका वाक्याच्या आधाराने देशी लिपीत लिहिलेली हुंडी विलायती दस्तऐवजांच्या नियमांपासून अलग राहून आपल्या जुन्या चालीने चालत राहिली. सरकारने ही सवलत देशी व्यापाऱ्यांवरील प्रेमापोटी दिली असे मानण्याचे कारण नाही. जी व्यवस्था शतकानुशतके कोणाच्याही फर्मानाशिवाय सुरळीत चालू होती, जिच्या आधारे राज्याच्या वसुलाचा ऐवजसुद्धा एका मुलखातून दुसऱ्या मुलखात जात असे, तिच्यात हात घातल्याने सोयीपेक्षा घोटाळाच अधिक होईल, एवढा व्यवहारीपणा मसुदाकारांपाशी असावा.

ही व्यवस्था कशाच्या बळावर चालत होती, असा प्रश्न केला तर 'विश्वासावर' असे उत्तर चटकन मिळते, आणि ते खरे असले तरी फार ढोबळ आहे. हुंडीतला विश्वास हा भाबडा विश्वास नव्हता. तो नियमांनी बांधलेला, जबाबदारीची वाटणी करून दिलेला आणि फसवणुकीचा संभव आधीच गृहीत धरलेला असा विश्वास होता. दर्शनी हुंडी दाखवताच फेडावयाची, मुदती हुंडी ठरलेल्या मुदतीनंतर फेडावयाची, हा भेद सर्वांस ठाऊक असतो. पण शहाजोग हुंडीची रचना अधिक विचारपूर्वक केलेली होती. तिचा पैसा कोणाही धारकास मिळत नसे. बाजारात ज्याची पत आहे अशा प्रतिष्ठित व्यापाऱ्याच्या हातूनच ती सादर व्हावी लागे, आणि पुढे ती बनावट किंवा चोरीची निघाली, तर पैसे घेऊन गेलेल्या त्या प्रतिष्ठित व्यापाऱ्यानेच ते व्याजासह परत करावेत, अशी वहिवाट होती. म्हणजे प्रतिष्ठा हे नुसते भूषण नव्हते, ते तारण होते. मूळ हुंडी गहाळ झाल्यास तिची पेठ, पेठही गहाळ झाल्यास परपेठ लिहून देण्याची तजवीज होती. फेडलेली हुंडी खोका म्हणून दप्तरी ठेवली जाई, जेणेकरून तिचा पैसा दुसऱ्यांदा मागता येऊ नये. आजच्या संगणकतज्ज्ञांना ज्या प्रश्नांची उत्तरे नव्याने शोधावी लागली, ते बहुतेक प्रश्न पेढीवरच्या मुनिमाने आधीच विचारलेले होते.

परंतु या व्यवस्थेचे गुणगान करताना तिची मर्यादा विसरता कामा नये. तिचा विश्वास ओळखीच्या वर्तुळात फिरणारा होता. जात, गाव, पेढी आणि सोयरीक यांच्या जाळ्याबाहेर जो होता त्याच्यासाठी त्या जाळ्यास दार नव्हते. बलुत्यावर राबणाऱ्या लोहार-सुताराची हुंडी कोणी सकारीत नसे, आणि त्याची पत सावकाराच्या वहीत जेवढी लिहिली जाई तेवढीच असे. आज भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत दोन-तीन सीएनसी यंत्रे घेऊन मोटारीचे सुटे भाग कातणारा, किंवा कोल्हापूरजवळ शिरोलीच्या फाउंड्रीतून ओतीव माल पाठवणारा जो लघुउद्योजक आहे, तो बहुधा याच वर्तुळाबाहेरून आलेला असतो. म्हणून पुरवठा-साखळीतील वित्तव्यवहार संगणकावर आणण्याचा जो प्रयत्न जगभर चालू आहे, त्याकडे केवळ यांत्रिक सोय म्हणून न पाहता, अनोळखी माणसाच्या पतीचा प्रश्न सोडवण्याचा प्रयत्न म्हणून पाहिले पाहिजे.

प्रश्नाचे स्वरूप साधे आहे. लघुउद्योजकाने माल पाठवला, चलनावर कंपनीच्या फाटकाशी शिक्का बसला, बिल दाखल झाले. पण पैसे यावयाचे ते साठ, नव्वद, क्वचित एकशेवीस दिवसांनी. मधल्या काळात कामगारांचा पगार, विजेचे देयक, पोलादाच्या व्यापाऱ्याची उधारी आणि वस्तू-सेवा कराचा भरणा यांपैकी काहीही थांबत नाही. कर तर असा की जे पैसे अजून हाती आलेले नाहीत त्यांवरचाही आधी भरावा लागतो. बँकेच्या कॅश-क्रेडिट खात्याची मर्यादा संपली की तो खाजगी कर्जाकडे वळतो. उदाहरणादाखल दहा लाखांचे बिल घ्या. नव्वद दिवसांसाठी ते दरसाल आठ टक्के दराने वटवले तर कसर सुमारे १९,७०० रुपये पडते. तेच अठरा टक्क्यांनी वटवले तर ४४,४०० रुपयांच्या घरात जाते. दहा लाखांच्या कामात ज्याचा नफाच पन्नास-साठ हजारांचा, त्याच्या दृष्टीने या दोन आकड्यांतील अंतर म्हणजे धंदा चालणे आणि न चालणे यांतील अंतर होय. आता गंमत अशी की, हे बिल ज्या मोठ्या कंपनीने फेडावयाचे तिला बँका आनंदाने आठ टक्क्यांनी कर्ज देतात. मग बिलावरची कसर विक्रेत्याच्या पतीवरून न ठरवता ते फेडणाऱ्याच्या पतीवरून का ठरवू नये? या प्रश्नातच पुरवठा-साखळी वित्ताचे सारे तत्त्व सामावलेले आहे.

मेक्सिकोतील नाफिन या सरकारी विकासबँकेने २००१ साली या तत्त्वावर एक संगणकीय व्यवस्था उभारली. तीत मोठ्या खरेदीदारांच्या भोवती त्यांचे लहान पुरवठादार जोडले जात, आणि खरेदीदाराने मान्य केलेले बिल बँका वटवीत. पैसे न आल्यास पुरवठादाराकडे मागे वळण्याचा हक्क बँकेस नसे. आपल्याकडे रिझर्व्ह बँकेने डिसेंबर २०१४ मध्ये 'ट्रेड्स' नामक व्यवस्थेची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, आणि सिडबी ही लघुउद्योगांची विकासबँक व राष्ट्रीय शेअरबाजार यांनी मिळून काढलेल्या मुंबईच्या कंपनीचे व्यवहार जानेवारी २०१७ मध्ये सुरू झाले; पाठोपाठ आणखी दोन कंपन्या या क्षेत्रात उतरल्या. कार्यपद्धती थोडक्यात अशी: विक्रेता किंवा खरेदीदार बिल पडद्यावर चढवतो; खरेदीदार ते सकारतो; मग निरनिराळ्या बँका आणि वित्तसंस्था त्यावर कसरीचे दर बोलतात; विक्रेता त्यांतील आपल्यास परवडेल तो दर पत्करतो, आणि एक-दोन दिवसांत कसर वजा जाऊन उरलेली रक्कम त्याच्या खात्यात जमा होते. मुदत भरली की बिलाची पूर्ण रक्कम खरेदीदाराच्या खात्यातून बँकेकडे आपोआप वळती होते. ती न झाली तर बँकेने खरेदीदारास पकडावे, विक्रेत्यास नव्हे. शिवाय एकदा बिल सकारल्यावर मालाच्या दर्जाची तक्रार पुढे करून किंवा जुनी येणी वळती करून घेऊन खरेदीदारास पैसे अडवता येत नाहीत, हेही रिझर्व्ह बँकेने करारातच घालावयास लावले आहे. कागदावर पाहिल्यास यात खोट काढावयास जागा नाही. तरीही दहा वर्षांत ही व्यवस्था प्रत्येक कारखान्याच्या अंगवळणी पडली असे कोणी म्हणणार नाही. आणि त्याचे कारण यंत्रात नसून माणसांच्या परस्परसंबंधांत आहे.

विक्रेत्याच्या मनातली पहिली भीती यंत्राची नसते, साहेबाची असते. ज्या कंपनीच्या खरेदी खात्याकडून पुढची ऑर्डर यावयाची, जिच्या अकाउंट्स खात्याच्या खिडकीपाशी 'बिल पास झाले का' म्हणून महिन्यातून चार वेळा उभे राहावे लागते, तिला 'आमचे बिल ट्रेड्सवर घ्या' असे म्हणणे हे त्याला जवळजवळ तगाद्यासारखे वाटते, आणि तगादा लावणाऱ्या पुरवठादाराच्या पुढच्या खेपेत रिजेक्शन अचानक वाढते, असा त्याचा समज असतो. हा समज प्रत्येक कंपनीच्या बाबतीत खरा असतो असे नाही, पण समज हीच येथे वस्तुस्थिती होऊन बसते. कायद्याचे पाठबळ पाहावे तर ते जबरदस्त आहे. २००६ च्या लघुउद्योग विकास कायद्याने लेखी करार असला तरी पंचेचाळीस दिवसांपलीकडे पैसे थकवण्यास मनाई केली आहे, करार नसल्यास पंधरा दिवसांची मुदत दिली आहे, आणि थकबाकीवर बँक दराच्या तिप्पट, तेही दरमहा चक्रवाढीने, व्याज लावले आहे. २०१७ मध्ये 'समाधान' या संकेतस्थळावरून घरबसल्या अर्ज करण्याचीही सोय झाली. पण असा अर्ज बहुधा तोच करतो ज्याने त्या ग्राहकाकडून पुढे काम मिळण्याची आशा सोडलेली असते. संबंध तुटल्यानंतर उपयोगी पडणारा हक्क आणि संबंध टिकवून वापरता येणारा हक्क यांत फरक आहे, आणि लघुउद्योजकास दुसऱ्याची गरज असते.

दुसरी भीती उघडी पडण्याची. पडद्यावर बिले चढली की उलाढाल दिसते, कराची विवरणपत्रे जुळवली जातात, कोणत्या ग्राहकास कोणत्या भावाने माल जातो हे तिऱ्हाइताच्या नजरेस येईल की काय, अशी शंका वाटते. यातील भावाबद्दलची शंका रास्त आहे आणि ती दूर करण्याची जबाबदारी व्यवस्था चालवणाऱ्यांची आहे. परंतु या भीतीचा एक भाग असाही आहे की जो बोलून दाखवला जात नाही: ज्याच्या दुकानी कच्ची बिले आणि पक्की बिले अशा दोन वह्या चालतात, त्याचा अविश्वास पडद्यावर नसून स्वतःच्या कीर्द-खतावणीवर असतो. त्यावर कोणत्याही रिझर्व्ह बँकेपाशी उपाय नाही.

तिसरी गोष्ट भीतीपेक्षा अज्ञानाची म्हणावी लागेल. बिल वटवणे म्हणजे कर्ज काढणे, आणि खरेदीदाराने पैसे बुडवले तर वसुली शेवटी आपल्याच दारी येणार, ही समजूत खोलवर रुजलेली आहे. आणि ती रुजण्यास सबळ कारणही आहे, कारण बँकांत बिले वटवण्याची जी जुनी पद्धत होती तीत नेमके असेच होत असे. ही समजूत जाहिरातीने जात नाही. उद्योजकाचा सनदी लेखापाल, बँकेचा शाखाधिकारी, किंवा शेजारच्या गाळ्यातील ज्याने सहा महिने हा व्यवहार करून पाहिला आहे असा व्यावसायिक, यांच्यापैकी कोणी एकाने 'पैसे आले आणि मागे कोणी आले नाही' असे सांगितले की ती जाते. संगणकीय व्यवस्थेवरचा विश्वाससुद्धा अशा रीतीने माणसाच्या तोंडूनच कारखान्यात शिरतो, हे तिच्या पुरस्कर्त्यांनी ध्यानात घेतलेले बरे.

आता बँकेच्या बाजूस या. तिच्यापुढील प्रश्न मुनिमाचेच आहेत: बिल खरे आहे काय, माल खरोखर पोचला काय, आणि हेच बिल दुसऱ्या कोणाकडे आधीच वटवले गेले नाही ना? यांपैकी पहिल्या आणि तिसऱ्या प्रश्नास तंत्रज्ञानाने चांगली उत्तरे दिली आहेत, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. ऑगस्ट २०२३ पासून पाच कोटींवर वार्षिक उलाढाल असलेल्या उद्योगास व्यापाऱ्यांशी होणाऱ्या व्यवहारांतील प्रत्येक बिल सरकारी यंत्रणेकडे नोंदवून चौसष्ट अक्षरांकांचा क्रमांक घ्यावा लागतो, त्यामुळे मनात येईल ते बिल टंकून बँकेपुढे ठेवणे दुष्कर झाले. एकच बिल दोन ठिकाणी वटवले जाऊ नये म्हणून ट्रेड्स चालवणाऱ्या तिन्ही कंपन्यांनी २०१८ साली जी योजना केली ती तर फारच मार्मिक आहे: प्रत्येक बिलाचा गणिती ठसा तेवढा एका सामाईक वहीत नोंदला जातो, ठशांची तुलना होते, परंतु ठशावरून बिल कोणाचे आणि किती रकमेचे हे प्रतिस्पर्ध्यास कळत नाही. एकमेकांचे गिऱ्हाईक पळवण्यास टपलेल्यांनी एकमेकांस काहीही न सांगता एकमेकांचे रक्षण करावे, हे पेढीच्या खोक्यासही साधले नसते. फॅक्टरिंगच्या कायद्यात २०२१ साली झालेल्या दुरुस्तीने अशा बिलांच्या हस्तांतराची नोंद मध्यवर्ती नोंदवहीत करण्याचा अधिकार या कंपन्यांनाच दिला, तोही याच दिशेचा.

दुसरा प्रश्न मात्र शिल्लक राहतो. माल पोचला काय, तो पसंत पडला काय, याचे उत्तर जगातील कोणतेही संगणकीय खाते देऊ शकत नाही. ते फक्त खरेदीदार देऊ शकतो. नोंदवलेल्या बिलाने एवढेच सिद्ध होते की विक्रेत्याने सरकारपाशी अमुक विक्री कबूल केली आहे. खरेदीदाराने देणे कबूल केले आहे हे त्याने सिद्ध होत नाही. म्हणून ट्रेड्सची सारी इमारत एका कळीवर उभी आहे: खरेदीदाराचा जो अधिकारी बिल सकारावयाचा, त्याच्या बोटावर.

यंत्राने विश्वासाची गरजच नाहीशी केली, असा दावा गेल्या दशकात ब्लॉकचेनच्या नावाने फार झाला, त्याचे पुढे काय झाले हे पाहणे बोधप्रद आहे. मर्स्क ही डेन्मार्कची जहाज कंपनी आणि आयबीएम यांनी २०१८ साली 'ट्रेडलेन्स' नावाची व्यवस्था काढली; जगातील मालवाहतुकीची कागदपत्रे एका अशा वहीत ठेवावयाची की जी कोणासही एकट्याने खोडता येऊ नये. वही खोडता येत नव्हती, याविषयी कोणी शंका घेतली नाही. शंका अशी होती की, वही ज्याच्या घरी आहे तो आपला स्पर्धक आहे. मोठमोठ्या वाहतूक कंपन्या पुढे सामील झाल्या खऱ्या, परंतु साऱ्या व्यापारी जगाचे जे सहकार्य हवे होते ते मिळाले नाही, आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये ही व्यवस्था गुंडाळण्याचे जाहीर झाले. युरोपातील बँकांनी मिळून काढलेली 'वुई.ट्रेड' ही अशाच तंत्रावरची संस्था त्याच वर्षी बंद पडली. नोंद खरी आहे यावरचा विश्वास आणि नोंद ठेवणाऱ्याच्या हेतूवरचा विश्वास हे दोन वेगळे पदार्थ आहेत. मेयर, डेव्हिस आणि शूरमन या तिघा अभ्यासकांनी १९९५ साली विश्वासाचे जे विश्लेषण केले, त्यात कुवत, सद्भाव आणि सचोटी असे त्याचे तीन आधार मानले आहेत. यंत्र पहिला पुरवते, तिसऱ्यास थोडी मदत करते, आणि दुसऱ्याच्या बाबतीत मुके राहते.

आणि यंत्राचा निरोप खरा असला तरी तो पाठवणारा खोटा असू शकतो, याचा दाखला शोधण्यास डेन्मार्कपर्यंत जावयास नको. मुंबईच्या फोर्ट भागातील पंजाब नॅशनल बँकेच्या ब्रॅडी हाउस शाखेतून वर्षानुवर्षे हमीपत्रे गेली. ती स्विफ्ट या जागतिक निरोपयंत्रणेवरून गेली, बँकांच्या परदेशातील शाखांना ती अस्सल दिसली, आणि त्यांवर त्यांनी कर्जे दिली. फक्त बँकेच्या मूळ जमाखर्चात त्यांची नोंद नव्हती. फेब्रुवारी २०१८ मध्ये हा प्रकार जाहीर झाला तेव्हा बँकेने सांगितलेला आकडा ११,४०० कोटी रुपयांच्या आसपास होता. निरोपाचे यंत्र निर्दोष होते, जमाखर्चाचे यंत्रही निर्दोष होते. दोहोंना जोडणारा दुवा माणसाच्या हाती सोडला होता. त्यानंतर तो दुवा यंत्राने जोडणे रिझर्व्ह बँकेने सक्तीचे केले.

याहून सूक्ष्म धोका असा की, लहानाच्या सोयीसाठी निघालेले साधन मोठ्याच्या हाती पडून उलटे वापरले जाते. ब्रिटनमधील कॅरिलियन ही बांधकाम कंपनी जानेवारी २०१८ मध्ये बुडाली, तेव्हा उघड झाले की तिने पुरवठादारांस एकशेवीस दिवसांची मुदत लावली होती, आणि पैसे लवकर हवे असतील तर बँकेकडून कसर सोसून घ्यावेत अशी सोय करून ठेवली होती. पुरवठादाराचा पैसा अडवावयाचा, आणि तोच त्याला किमतीने सोडवून द्यावयाचा! कंपनीच्या ताळेबंदात हे बँकेचे देणे कर्ज म्हणून दिसत नसल्याने तिची खरी प्रकृती गुंतवणूकदारांसही कळली नाही. मार्च २०२१ मध्ये कोसळलेल्या ग्रीनसिल या वित्तसंस्थेने आणखी पुढचा पल्ला गाठला होता; झालेल्या विक्रीच्या बिलांवर पैसे देता देता, पुढे कधीतरी होईल अशा विक्रीच्या अपेक्षेवरही ती पैसे देऊ लागली. विम्याचे कवच गेले आणि क्रेडिट स्विसने तिच्या आधारावर चालवलेले सुमारे दहा अब्ज डॉलर्सचे निधी गोठवले, तेव्हा हा डोलारा आठवडाभरात खाली आला. न झालेल्या विक्रीचे बिल कोणत्याही मुनिमाने सकारले नसते. या अनुभवांनंतर आंतरराष्ट्रीय लेखामानकांत २०२३ साली दुरुस्ती होऊन, खरेदीदार कंपन्यांनी अशा व्यवस्थेतील देणी आणि त्यांच्या मुदती हिशेबात उघड करून दाखवाव्यात असे ठरले, हे योग्यच झाले. पुरवठादाराचा या व्यवस्थेवर विश्वास बसावा असे वाटत असेल तर ती मुदत लांबवण्याचे निमित्त होणार नाही, याची खात्री त्याला आधी मिळाली पाहिजे.

आपल्या सरकारने विश्वासाची वाट न पाहता सक्तीचा मार्ग धरला. २०१८ मध्ये पाचशे कोटींवर उलाढाल असलेल्या कंपन्यांना आणि केंद्र सरकारच्या उपक्रमांना ट्रेड्सवर नोंदणी करणे भाग पाडले गेले. नोव्हेंबर २०२४ च्या अधिसूचनेने कंपन्यांसाठीची ही मर्यादा अडीचशे कोटींवर आणली. दरम्यान आयकर कायद्यात ४३बी(एच) हे कलम येऊन, सूक्ष्म आणि लघु उद्योगांची देणी कायद्याच्या मुदतीत न फेडणाऱ्यास त्या वर्षी त्या खर्चाची वजावट मिळेनाशी झाली. हे कलम लागू होताच मोठे व्यापारी लघुउद्योजकांस टाळून बिगरनोंदणीच्या पुरवठादारांकडे वळतील, अशी तक्रार खुद्द लहानांच्या काही संघटनांनीच केली, ती निराधार नव्हती. तथापि सक्तीची थट्टा करण्याचेही कारण नाही. ओळखीवर उभा राहणारा विश्वास पिढ्यांनी मिळतो, संस्थेवर उभा राहणारा विश्वास मात्र शिक्षेच्या निश्चितीतून मिळतो. धनादेश न वटल्यास तुरुंगाची तरतूद १९८८ च्या दुरुस्तीने आली, तेव्हाही धनादेशाची पत कायद्याच्या धाकानेच सावरावी लागली होती. माझी तक्रार सक्तीविषयी नसून सक्ती चुकीच्या जागी बसली याविषयी आहे. या अधिसूचनांनी सक्ती केली ती नोंदणीची. कंपनीने नाव नोंदवावे, आणि मग एकही बिल सकारू नये, तरी अधिसूचनेचे अक्षर पाळले जाते.

२००६ च्या कायद्याकडे पुन्हा एकदा बारकाईने पाहिले तर या कोंडीतून निघण्याची वाट त्यातच दिसते. त्या कायद्याप्रमाणे माल पोचल्यापासून पंधरा दिवसांत खरेदीदाराने लेखी हरकत घेतली नाही, तर माल पोचला त्याच दिवशी तो स्वीकारला असे मानले जाते. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने खरेदीदाराचे मौन ही संमती आहे. ट्रेड्सच्या पडद्यावर मात्र तेच मौन नकार ठरते, कारण अधिकाऱ्याने कळ दाबल्याखेरीज बिल पुढे सरकतच नाही, आणि कळ न दाबण्यास कारण देण्याचे बंधन त्याच्यावर नाही. एकाच मालाबद्दल, एकाच देशात, कायदा एक म्हणतो आणि यंत्र दुसरेच वागते. यावर बँका म्हणतील की, मौनावर पैसे देण्याची जोखीम आम्ही का घ्यावी; तर त्याचे उत्तर असे की, पंधरा दिवसांनंतर मालाच्या दर्जाविषयी हरकत घेण्याचा हक्क खरेदीदाराकडून काढून घेतला, आणि मानीव संमतीलाही प्रत्यक्ष सकारण्याइतकेच बंधनकारक ठरवले, तर ती जोखीम आजच्याहून अधिक राहत नाही. अप्रामाणिक विक्रेता न पाठवलेल्या मालाचे बिल चढवील, ही शंका खरी आहे. पण फाटकावरील आवक-नोंद आणि वाहतुकीचे ई-वे बिल यांच्याशी ते जुळवून पाहण्याची सोय आज उपलब्ध आहे, आणि हरकत घेण्यास मोठ्या कंपनीला पंधरा दिवस पुरत नाहीत असे म्हणणे तिच्याच कारभाराला शोभणारे नाही.

तोवर लघुउद्योजक वाचकांस एवढेच सुचवावेसे वाटते. 'उद्यम' नोंदणी नसेल तर ती आधी करून घ्यावी, कारण वर सांगितलेले बहुतेक हक्क तिच्यावाचून हाती येत नाहीत. आपली येणी कॅश-क्रेडिटपोटी बँकेकडे आधीच गहाण असतील तर तिची ना-हरकत लेखी मिळवावी. वसुलीसाठी विक्रेत्यामागे लागता येणार नाही, हे कलम करारात स्वतः वाचून पाहावे, दुसऱ्याच्या सांगण्यावर राहू नये. आणि कसर किती टक्के पडेल हे विचारण्यापूर्वी, आपला ग्राहक माल पोचल्यापासून किती दिवसांत बिल सकारतो, हे त्याच्या इतर पुरवठादारांस विचारावे. दरातला एखादा टक्का तेथे सहज भरून निघतो किंवा वाया जातो.